अर्धा बेंजो बायांत, अर्धा माणसांत

शालिकभाऊ, सगळ्यांच्या आधी तुमच्या भागरताबाईंचं नाव लिहितो.

त्या सकाळी घरात माणसं भरलेली होती. पाहुणे ओसरीवर, बाया चुलीपाशी, आणि मी अंगणात चपला काढायच्या जागेशेजारी, उठावं की बसून राहावं ते न कळून. भागरताबाई उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेला बेंजो घेऊन बाहेर आल्या. सगळ्यांच्या देखत त्यांनी तो माझ्या मांडीवर ठेवला. तेरवी अजून व्हायची होती. तुमचे मोठे भाऊ म्हणाले की सुतकाच्या घरातून बाजा बाहेर काढत नसतात, लोक काय म्हणतील. बाईंनी पदर सारखा केला.

"सुतक मले आहे," त्या म्हणाल्या. "बाजाले नाई."

मी जे काही करू शकलो ते त्या एका वाक्याच्या जोरावर, म्हणून त्यांचं नाव पहिलं. आता काय झालं ते.

तुम्ही गेलात, शालिकभाऊ. दिवाळी झाली, धान कापणीला आलं, आपला नाटकांचा सीझन सुरू व्हायच्या तोंडावर तुम्ही छातीला हात लावून अंगणातल्या खाटेवर बसलात आणि उठला नाहीत. मला एवढंच सांगण्यात आलं आणि एवढंच मी ऐकून घेतलं. भेटेल तो म्हणतो, आता काय, झालं ते झालं. मी म्हणतो, काय झालं? आपलं भांडण अजून अर्ध्यात आहे. भांडण अर्ध्यात टाकून उठून जाणारा माणूस तुम्ही नव्हता. जेवण अर्ध्यात टाकलंत, झोप अर्ध्यात टाकलीत, पण वाद कधी सोडला नाहीत. त्यामुळं मीही सोडणार नाही. आठवीत शाळा सुटली, लिहायची सवय नाही. पण समोर तुम्ही नाही, तेव्हा लिहूनच भांडावं लागतंय.

मी जतकडचा. आमच्याकडं पावसाची वाट बघण्यात वर्ष जातं आणि मासा कसा खातात ते कोणाला माहीत नसतं. लग्नाच्या डीजेच्या गाडीबरोबर मी चंद्रपूरला आलो, तिथं मालकाशी वाजलं आणि त्यानं मला वायरींच्या एका पिशवीसह रस्त्यावर उतरवलं. झाडीपट्टीतल्या नाटक कंपनीला आवाजवाला पाहिजे, एवढं ऐकून मी वडशाला पोचलो. तुमच्या कंपनीनं ठेवून घेतलं. पुणं मी फक्त बसच्या खिडकीतून पाहिलेलं, पण तिकडून येणारा प्रत्येक माणूस तुमच्या लेखी पुणेवाला. शेवटपर्यंत तुम्ही मला त्याच नावानं हाक मारलीत.

तेव्हा मला सगळ्याचीच भीती. जनरेटर खोकला तरी मी धावत जाऊन बघायचो. आलापल्लीकडं जाताना सागाच्या जंगलात गाडी थांबली की मी काचा वर करायचो. नाटक सुरू व्हायच्या आधी प्रत्येक वायर ओढून बघायचो, मग परत ओढून बघायचो, आणि ओढून ओढून एखादी खरंच तुटायची. तुम्ही लांबून बघत होतात. एकदा म्हणालात, "पुणेवाले, तू वायरीले भेत नाईस बे. वायर तुले भेऊन राह्यली." सगळी कंपनी हसली. त्या दिवसापासून मी फक्त एकदाच ओढून बघतो. बरं, दोनदा.

आपली पहिली गाठ पडली ती बेंजोवरूनच. एका गावात धानाच्या कापलेल्या बांधीत, म्हणजे खाचरात, मंडप पडला होता. दुपार होती, फळ्यांचं स्टेज ठोकून नुकतं झालं होतं. मी तुमच्यापुढं वायर धरली आणि म्हणालो, बेंजोचं टोक इकडं द्या, सरळ मिक्सरला लावतो, डीजेत सगळं असंच लावतात. तुम्ही वायरीकडं पाहिलं नाही. दोन ॲम्प्लिफायरवरच्या गोधड्या काढल्या. एक मोठा, कडा झिजलेला. एक लहान, त्यामानानं नवा. कंपनीत सगळे त्यांना डब्बे म्हणत, तुम्ही थोरला आणि धाकटा म्हणत होतात. तुमच्या पायाशी एक निळी डबी होती. बेंजो त्या डबीत जायचा आणि डबीतून दोन वायरी निघायच्या. थोरल्याकडं सूर सरळ जायचा. धाकट्याकडं तोच सूर हलत जायचा, जाळं ओढताना पाणी थरारतं तसा. दोन्ही डब्बे एकदम वाजले की एवढासा बेंजो चार माणसं वाजवतायत असं वाटायचं.

"माइक लाव," तुम्ही म्हणालात. "दोघायलेही. मिक्सरात सरळ घातला त पत्र्यावर खिळे सांडल्यावानी वाजते थो."

मला वाटलं, जुन्या माणसाची हौस आहे, करू. पण हौसेनं काम भागलं नाही. मी माइक स्टँडवर लावले. वर नाच सुरू झाला की फळ्या हलायच्या, फळ्यांबरोबर स्टँड, स्टँडबरोबर माइक, आणि कर्ण्यातून धडधड धडधड. तेव्हा तुम्ही मला खाली उतरवून तनस आणायला लावलंत. बांधीत धानाच्या काडीचे ढीग पडलेलेच होते. तनशीच्या जाड गाद्या करून दोन्ही डब्बे त्यांवर बसवले, की फळ्या कितीही हलोत, डब्बे गप्प. मग टॉर्च घेतलात. डब्ब्याच्या तोंडावरच्या कापडाला टॉर्च चिकटवला की आतला स्पीकरचा गोल दिसतो. मधोमध माइक धरला तर आवाज टोचतो, अगदी कडेला धरला तर उशीखालून आल्यासारखा येतो. मधलं आणि कडेचं यांच्यामधे कुठंतरी बेंजो असतो. तिथं बोट ठेवून तुम्ही म्हणालात, इथी. दोन्ही माइक सारखेच, कापडापासून सारख्याच अंतरावर, आणि एकाला दुसऱ्याचा डब्बा ऐकू येऊ नये म्हणून डब्ब्यांची तोंडं थोडी बाहेर वळवलेली.

आणि स्टँड नाहीच. माइक तुम्ही डब्ब्यावरून त्याच्याच वायरीनं खाली सोडलात आणि वर एक गाठ मारलीत. ती गाठ मला कधी आली नाही. मार्कंड्याच्या पलीकडं नदीकाठी तुमचं घर, वाडवडलांपासून मासेमारी. जाळ्याला खडे बांधायची ती गाठ. एका हातानं बसायची, एका झटक्यानं सुटायची, आणि मधे रात्रभर तसूभर सरकायची नाही. मी म्हणायचो, दाखवा. तुम्ही दाखवायचात, पण इतक्या जलद की बघून काही उपयोग नसायचा. "दाखवलं ना," म्हणायचात.

पावसाळ्यात कंपनी बंद, आणि मला जायला गाव नव्हतं; म्हणजे होतं, पण रिकाम्या हातानं जायची हिंमत नव्हती. तेव्हा तुम्ही मला घरी नेलंत. न विचारता पिशवी उचललीत आणि चालू लागलात. पहिल्या जेवणाला ताटात मासा आला आणि मी भातच चिवडत बसलो. काटा घशात अडकून माणूस मरतो, असं मी कुठंतरी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशीपासून माझ्या ताटात काटे काढलेला मासा यायला लागला. पुढं मला काटे काढता यायला लागले तरी येत राहिला. तुम्ही चिडवायचात, "पोट्टा मोठा झाला वो, आता त काटे देत जा." बाई म्हणायच्या, "तुमी तुमचं जेवा."

आईनंतर मला असं कोणी जेवायला घातलं नव्हतं. हे मी त्यांना कधी बोललो नाही. तुम्हालाही नाही.

आता भांडणाकडं येतो.

आपल्याकडच्या मंडपात डावीकडं बाया बसतात आणि उजवीकडं माणसं. मधे दोरी बांधून वाट सोडलेली असते आणि त्या वाटेत कोणी बसायचं नाही. गावातले स्वयंसेवक काठी घेऊन उभे असतात. हजारोंनी लोक येतात. दोन डब्ब्यांचा आवाज एवढ्या गर्दीला पुरत नाही, म्हणून तर माइक. डब्ब्याचा आवाज माइकमधून मिक्सरमधे, मिक्सरमधून दोन्ही बाजूंच्या मोठ्या स्पीकरवर. आता मिक्सरवर प्रत्येक माइकला एक बटन असतं. ते डावीकडं फिरवलं की आवाज डाव्या बाजूला जातो, उजवीकडं फिरवलं की उजव्या. तुमचं म्हणणं, धाकटा पुरता डावीकडं, थोरला पुरता उजवीकडं. म्हणजे हलता सूर सगळा बायांकडं आणि सरळ सूर सगळा माणसांकडं.

मी म्हणालो, भाऊ, हे घरात ठीक आहे. घरात माणूस दोन स्पीकरच्या मधे बसतो, त्याला दोन्ही बाजू मिळतात. इथं मंडपात अर्ध्या गावाला अर्धं गाणं जाणार.

तुम्ही म्हणालात, हो.

मी म्हणालो, मग पूर्ण कोणाला?

"पोट्ट्यायले," तुम्ही म्हणालात.

आणि खरंच, मधल्या वाटेनं फक्त लहान पोरं फिरायची. आईच्या मांडीवरून उठायचं, दोरीखालून वाकून बापाकडं जायचं, चणे मागायचे, परत आईकडं. त्यांना काठीवालाही अडवायचा नाही. वाटेच्या मधोमध आली की काही पोरं उभीच राहायची, तोंड उघडं टाकून. तुम्ही स्टेजवरून मला भुवईनं खुणावायचात: बघ.

पण मी हटलो नाही. प्रत्येक गावात दुपारी माइक लावताना आपलं तेच. मी म्हणायचो, प्रत्येक माणसाला पूर्ण बेंजो मिळाला पाहिजे, लांबून बैलगाडी जुंपून आलेत ते. दोन्ही बटनं मधे आणतो, दोन्ही डब्बे दोन्हीकडं वाजू देत. एकदा तुमचा डोळा चुकवून आणलीही. तर बेंजो इतका पोकळ वाजला की जणू पेज झाली त्याची. मी एकेक वायर काढून बघितली. शेवटी सापडलं की धाकट्याची वायर तुम्हीच घरी डाग देऊन जोडली होती आणि आतल्या दोन तारा उलट्या बसवल्या होत्या. दोन्ही डब्बे एकत्र आले की एकमेकांचा आवाज खायचे. चूक तुमची होती, आणि तुम्ही ती जिंकल्यासारखी मिरवलीत. "म्हनूनच म्हनतो, मिसळू नोको!" मी तारा सरळ केल्या तरी महिनाभर तेच सांगत होतात सगळ्यांना.

ऑर्गनवाल्या मनोहरला आपल्या दोघांचाही वैताग. त्याच्या ऑर्गनला एक माइक आणि तुमच्या बेंजोला दोन, हे त्याला कधी पटलं नाही. बेंजोला बटनांच्या ओळी असतात म्हणून तो त्याला टाइपरायटर म्हणायचा. "तहसीलीत बसाले पायजे होतं तुमी," म्हणायचा, "टाइपरायटरले दोन-दोन डब्बे कायले?" तुम्ही तंबाखूचा खर्रा चोळत म्हणायचात, तुझ्या ऑर्गनला ठेवायला गोठा लागतो, मी काही बोलतो का?

मग एका दुपारी, आलापल्लीच्या पुढच्या एका गावात, मी शेवटचं म्हणून विचारलं. स्टेजच्या सावलीत बसलो होतो. मी म्हणालो, भाऊ, हट्ट बाजूला ठेवून सांगा, अर्धं अर्धं काऊन? माझ्या तोंडून तुमचा 'काऊन' निघाला म्हणून तुम्ही आधी हसलात. मग म्हणालात,

"बाई अन् मानूस नाटक पाहून घरी जाते. पूर्न दोघायनंही आयकलं त रस्त्यानं बोलतीन काय? तिनं तिकडचं सांगावं, यानं इकडचं. तवा पूर्न होते थे."

तुम्ही उठून माइकची गाठ बघायला गेलात. मी ठरवलं, याचं उत्तर शोधून काढायचं. उत्तर मला सापडलं, भाऊ. तुम्ही ऐकायला नव्हता.

तुम्ही गेलात आणि कंपनीचे मालक सुखदेवजी म्हणाले की गोंडपिपरीकडच्या गावाशी बोलणं पक्कं आहे, नाटक होणार. ते वाईट माणूस नाहीत. तुमच्यासाठी ते रडले, मी पाहिलंय. पण डोळे पुसून म्हणाले, बेंजोचे तुकडे पेनड्राइव्हवर आहेत, तेच लाव. आणि डब्बे गोदामातच राहू दे. पहिलाच प्रयोग, गेलेल्या माणसाचं सामान स्टेजवर नको. लोकांना नाटक पाहिजे, डब्बे नाही.

मी त्यांना हो म्हणालो. मी कोणालाही आधी हो म्हणतो, तुम्हाला माहीत आहे. मग एसटीत बसलो आणि तुमच्या घरी आलो. कशाला आलो ते रस्त्यात कळलं. डब्बे गोदामात होते, निळी डबी माझ्या पेटीत होती, बेंजो घरी होता. पेनड्राइव्हवर तुम्ही एकदा वाजवलेलं तेवढंच होतं. नटी वाक्य विसरली की तुम्ही जे वाजवून तिला सावरायचात, ते नव्हतं. पडदा अडकला की जे वाजवायचात, ते नव्हतं. ते वाजवायला बेंजोच पाहिजे. मेल्यावर माणसाची जागा एका बोटाएवढ्या पेनड्राइव्हनं भरून काढायची, हे मला मान्य नव्हतं. अजून नाही.

बाजा बाईंनी दिला, ते वर लिहिलं. नाही लिहिलं ते हे की त्या मला सोडायला रस्त्यापर्यंत आल्या. सुतकात त्यांनी बाहेर यायचं नव्हतं, तरी आल्या. बेंजो मी छातीशी धरलेला. चालता चालता त्यांनी सांगितलं की सीझनमधे तुम्ही सकाळी घरी पोचलात की आधी चहा नाही, आधी प्रश्न. जवळपासच्या गावात नाटक असलं की बाई बघायला यायच्या आणि बायांतच बसायच्या, सगळ्यांसारख्या. तुम्ही विचारायचात, काय आयकलं? त्या त्यांच्या बाजूचं सांगायच्या, कुठं हललं, कुठं थरारलं. मग तुम्ही चुलीपाशी बसून तोंडानं दुसऱ्या बाजूचं वाजवून दाखवायचात. लग्नानंतर धाकटा डब्बा आला तेव्हापासून हे सुरू होतं.

म्हणजे आलापल्लीच्या सावलीत तुम्ही जे बोललात ते गावाबद्दल नव्हतंच. तुमच्या चुलीबद्दल होतं.

एसटी दिसायला लागली. भागरताबाई म्हणाल्या, "मी त्यायचा बाजा डाव्या अंगानंच आयकला गा. आता उजवं कोन सांगन?"

गाडीत बसलो आणि खिडकीकडं तोंड करून बसलो.

गोंडपिपरीजवळच्या त्या गावात आम्ही सकाळी पोचलो. मी गोदामातून डब्बे गाडीत घातले होते ते कोणाला सांगितलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर बहुतेक खोटंच बोललो असतो. दुपारी स्टेज झालं. मी तनस आणली, गाद्या केल्या, थोरला उजवीकडं आणि धाकटा डावीकडं ठेवला, टॉर्च लावून गोल शोधले. मग गाठ. तुमची गाठ मी मारली, सुटली. परत मारली, परत सुटली, आणि माइक फळीवर आपटला तेव्हा कर्ण्यातून अख्ख्या गावाला कळलं. शेवटी मी आमच्याकडची गाठ मारली, कडब्याच्या पेंढीची. ती दिसायला जाड आहे आणि सोडवायला दात लावावे लागतात. पण सरकत नाही. तुम्ही असतात तर नाक मुरडलं असतं. मुरडा.

आवाज ऐकून सुखदेवजी आले. डब्बे बघितले. ओरडले नाहीत, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, मी नाही म्हटलं होतं ना. गावातले काही लोक मागं उभे होते, त्यांच्यातला एक म्हणाला, वारलेल्याचं सामान आहे म्हणतात, खरं का? या मुलखात माझं कोणी नाही, ही कंपनी सुटली तर मी परत वायरींच्या पिशवीवर, हे सगळं डोक्यातून गेलं. आणि तरी मी बोललो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"डब्बे उतरवायचे असतील तर मलाही उतरवा," मी म्हणालो. "भाऊंना मेल्यावर कोपऱ्यात टाकायचं काम माझ्याकडून होणार नाही."

सुखदेवजी म्हणाले, ठीक आहे, पण वाजवणार कोण? डब्बे काय आपोआप वाजतात?

एवढा सगळा बंडाचा घाट घातला आणि वाजवायला माणूस नाही. तेव्हा मनोहर ऑर्गनमागून उठला, बाजूला जाऊन खर्रा थुंकला, चूळ भरली आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"सरक बे," तो म्हणाला. "टाइपरायटर इथी मलेच येते."

लुगडं त्यानं स्वतः सोडलं. हळूच. नाटकभर एक हात ऑर्गनवर आणि एक बेंजोवर कसा चालणार, हे सुखदेवजींनी विचारलं. तो म्हणाला, ऑर्गनला आज सुट्टी. मग त्यानं पहिला सूर वाजवला. वाईट वाजवला, भाऊ, खोटं कशाला सांगू. तुमच्या हाताचा झटका त्याच्याकडं नाही. पण डब्ब्यांनी तो सूर उचलला, माइकनी धरला, आणि रिकाम्या बांधीत दोन्ही बाजूंनी बेंजो उभा राहिला. जागा धरायला दुपारीच पोती अंथरून बसलेल्या काही बाया होत्या. त्यांच्यातली एक म्हातारी हातातला पंखा थांबवून ऐकत राहिली. मग शेजारणीला म्हणाली, "हात त्यायचा नोहे. पन डब्बे त्यायचेच."

सुखदेवजींनी ते ऐकलं. रंगपटाकडं निघून गेले. ते परत आले नाहीत आणि डब्बे उतरले नाहीत.

आता बटनं. मी मिक्सरपाशी गेलो. धाकटा पुरता डावीकडं, थोरला पुरता उजवीकडं. तुमच्या मनासारखं करून ठेवलं. तुमच्या नावानं निदान आज तरी, असं म्हणून. मग वायरी तपासत बायांच्या बाजूला गेलो आणि तिथं उभा राहून ऐकलं. नुसता हलणारा सूर. बाई इथंच बसायच्या. इतकी वर्षं हेच ऐकत आल्या, आणि बाकीचं सकाळी चुलीपाशी मिळायचं.

आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथं सापडलं. तुमचं म्हणणं खरं आहे, भाऊ, पण घरी सांगणारं माणूस आहे तोवरच. ज्या बाईच्या घरी दुसरी बाजू सांगायला कोणी उरलं नाही, तिनं काय करायचं? त्या म्हातारीच्या घरी कोण आहे, तुम्हाला माहीत आहे? एकटा येणारा एकटाच परत जातो, अर्धा बेंजो घेऊन. याचा विचार तुम्ही केला नव्हता, कारण तुम्हाला करायची गरज पडली नव्हती. तुम्ही घरी जायचात ते बाईंकडं.

सांगा, आता काय म्हणता?

मी परत गेलो आणि दोन्ही बटनं मधे आणली. अगदी मधे नाही. धाकट्याचा कल बायांकडं राहू दिला, थोरल्याचा माणसांकडं. पण सगळ्यांना दोन्ही मिळेल असं केलं. तारा सरळ आहेत, मी तपासल्या होत्या, दोनदा. पेज झाली नाही. पडदा उघडला आणि सगळ्या गावानं पूर्ण बेंजो ऐकला. तुमच्याविरुद्ध. तुमच्या देखत केलं असतं तर मजा आली असती.

सीझन सुरू आहे. डब्बे रोज लागतात. मनोहर सुधारतोय, पण त्याला सांगू नका. पेनड्राइव्ह मी सुखदेवजींना परत दिला. जोवर मिक्सरवर माझा हात आहे तोवर बेंजोला दोन डब्बे आणि दोन डब्ब्यांना दोन माइक. तुम्ही गेलात म्हणून एक माइक कमी होणार नाही. वाद मी जिंकलो असं मी धरून चाललोय. हरकत असेल तर येऊन सांगा.

फक्त एक बाकी आहे, आणि ते भागरताबाईंचं आहे. त्या आत्ता नाटकाला येणार नाहीत. विचारलं तर म्हणतात, पाहू. या वर्षी नाही तर पुढच्या, नाही तर त्याच्या पुढच्या. पण ज्या दिवशी येतील त्या दिवशी मी त्यांना बायांत बसू देणार नाही. मधल्या वाटेत खुर्ची टाकीन, काठीवाल्याला काय सांगायचं ते मी सांगीन, गाव काय म्हणायचं ते म्हणो. आणि त्या एका दिवशी, भाऊ, दोन्ही बटनं तुमच्या मनासारखी फिरवीन, धाकटा पुरता डावीकडं आणि थोरला पुरता उजवीकडं. डावं अंग त्यांच्या ओळखीचं आहे. उजवं त्यांना मी ऐकवीन.